रेस्टॉरंट आणि कॉकटेल बारचा उपयोगी पडेल असा रिव्ह्यू कसा लिहावा

कुठे जेवायला जायचं ठरलं की बहुतेकजण आधी फोनवर रिव्ह्यू चाळतात. तिथे काय मिळतं? "जेवण मस्त, अँबियन्स छान, सर्व्हिस जरा स्लो. नक्की भेट द्या." यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. काय मागवलं होतं? कुठल्या वेळी गेला होतात? स्लो म्हणजे दहा मिनिटं की पाऊण तास? लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची आवड जुळेलच असं नाही. त्यामुळे तुम्हाला जागा आवडली की नाही यापेक्षा तिथे तुमच्यासमोर काय आलं आणि कसं आलं, हे कळणं त्याला जास्त गरजेचं असतं. तेवढं नीट कळलं की जायचं की नाही ते तो स्वतः ठरवतो. पुढे सांगितलेलं सगळं त्यासाठीच आहे.

हौस म्हणून लिहिलेल्या चार ओळींनी काय फरक पडतो, असं वाटू शकतं. फरक पडतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ साली सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरचं रेटिंग एका ताऱ्याने वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटांवर होता. मोठ्या साखळ्यांवर तो दिसला नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या जागेचं भलंबुरं तुमच्या शब्दांवर जास्त अवलंबून असतं. म्हणून हे काम मन लावून करावं.

जाण्याआधी

रिव्ह्यू लिहिणार आहात हे कुणाला सांगू नका आणि बिल स्वतः भरा. ही शिस्त जुनी आहे. क्रेग क्लेबॉर्न १९५७ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या खाद्यविभागाचे संपादक झाले. ओळख न देता जायचं, एकापेक्षा जास्त वेळा जायचं आणि बिल वर्तमानपत्राने चुकतं करायचं, हा शिरस्ता त्यांनी रुजवला. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडचे निरीक्षकही नाव लपवून जातात आणि पैसे भरून जेवतात. याचं कारण १९९३ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायकल यांच्या एका परीक्षणातून सगळ्यांसमोर आलं. न्यूयॉर्कमधल्या एका नामांकित रेस्टॉरंटमध्ये वेश बदलून गेल्यावर मिळालेली वागणूक आणि ओळखलं गेल्यावर झालेली सरबराई, दोन्ही त्यांनी एकाच लेखात मांडल्या. आपल्याला तिथे कुणी ओळखत नाही, हीच आपली मोठी जमेची बाजू आहे. ती घालवू नका.

जागा नवी असेल तर महिनाभर थांबलेलं बरं. पहिल्या आठवड्यांत स्वयंपाकघराची घडी बसलेली नसते, वाढणाऱ्यांना मेनू पाठ झालेला नसतो. आधीच जाऊन आला असाल तर "उघडल्यापासून चौथ्या दिवशी गेलो" एवढं लिहा, म्हणजे वाचणारा त्या हिशेबाने वाचेल.

टेबलावर बसल्यावर

घरी येऊन आठवून लिहीन, या भरवशावर राहू नका. एखाद्या अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट हे दोनच आपल्या आठवणीवर हुकूम गाजवतात, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवून दिलं आहे. शेवटचं गोड फार चांगलं निघालं की आधीचा थंडगार सूप आपण सहज माफ करतो. बिलात घोळ झाला की चांगलं जेवणही डोक्यातून जातं.

यावर साधा उपाय फोनचा कॅमेरा. मेनूचा, टेबलावर आलेल्या प्रत्येक पदार्थाचा आणि शेवटी बिलाचा फोटो काढा. प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते, त्यामुळे कशाला किती थांबावं लागलं याचा हिशेब आपोआप तयार होतो. पदार्थाचं नाव आणि किंमत चुकत नाही. चवीबद्दल प्रत्येक पदार्थामागे चार-पाच शब्द टिपून ठेवा. वही उघडून बसायची गरज नाही, स्वतःलाच एक मेसेज पाठवला तरी पुरे. फ्लॅश वापरू नका, शेजारच्या टेबलांना त्रास होतो आणि खाणं निस्तेज दिसतं. दुसऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका.

मागवताना प्रत्येकाने वेगळं काहीतरी मागवावं. त्यात एक अगदी साधी गोष्ट हवीच: सूप, ऑम्लेट, तळलेले बटाटे, असं काहीही. भरपूर सॉस आणि सजावटीखाली कमी-जास्त झाकलं जातं, साध्या पदार्थात नाही. शिवाय ती जागा ज्यासाठी ओळखली जाते, तो पदार्थ तर घ्यायलाच हवा.

मग चव. "मस्त" आणि "ठीकठाक" हे दोन शब्द तात्पुरते विसरा आणि स्वतःला विचारा, मस्त म्हणजे नेमकं काय? तळलेले बटाटे घ्या. आल्याआल्या ते इतके गरम होते का, की पहिला तुकडा फुंकून खावा लागला? दाताखाली कडा मोडल्याचा आवाज आला का? आतला गर मऊ, भुसभुशीत होता की चिकट? मीठ सगळीकडे सारखं होतं की प्लेटच्या तळाशी साचलेलं? बोटांना तेल किती लागलं, आणि त्याला जुन्या, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाचा वास होता का? दहा मिनिटांनी उरलेले तुकडे कुरकुरीत राहिले की लोळागोळा झाले? यातल्या दोन उत्तरांनीही वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती प्लेट उभी राहते.

आवाजाकडेही लक्ष द्या. भोवती गोंगाट असला की गोड आणि खारट चवी जिभेला कमी जाणवतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा ढणढण वाजणाऱ्या स्पीकरखाली बसून "मीठ कमी" असं लिहीत असाल, तर स्पीकरचाही उल्लेख करा.

कॉकटेल कसं पारखावं

बारवरचे रिव्ह्यू सर्वांत कच्चे असतात, कारण बहुतेकजण ड्रिंक किती "कडक" होतं एवढंच लिहितात. कडक करायला फक्त जास्त दारू लागते. कौशल्य लागतं ते समतोल साधायला.

सुरुवात मोजक्या घटकांच्या जुन्या ड्रिंकने करा. डायकिरीत पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखर, बस्स. नेग्रोनीत जिन, कंपारी (कडवट लाल दारू) आणि गोड व्हरमूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), तिन्ही सारख्या मापाने. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या कृतीत प्रत्येकी ३० मिली. अशा ड्रिंकमध्ये लपायला जागा नसते. डायकिरीत रस ताजा पिळलेला नसेल तर पहिल्याच घोटात कळतं: तरतरीत आंबटपणाच्या जागी एक बसका, कडसर स्वाद येतो. हे ड्रिंक जमत असेल तर त्या बारच्या स्वतःच्या शोधांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, ड्रिंक हलवलंय की ढवळलंय. रस, मलई किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल तर शेकरमध्ये बर्फासोबत जोरात हलवतात, त्याने हवा मिसळते आणि वर फेस येतो. फक्त दारू आणि व्हरमूथ असेल तर चमच्याने ढवळतात, म्हणजे ड्रिंक काचेसारखं नितळ राहतं. तुम्ही खास सांगितलेलं नसताना मार्टिनी (जिन आणि व्हरमूथचं ड्रिंक) गढूळ आणि बर्फाच्या चुऱ्यासकट आली, तर ते नोंदवण्यासारखं आहे.

आता बर्फ. "ग्लासभर बर्फच दिला" ही तक्रार जागोजागी वाचायला मिळते आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. ग्लासात बर्फ भरपूर असला की ड्रिंक थंड राहतं आणि बर्फ हळू वितळतो. दोन-तीन ओलसर खडे टाकले की तेच पटकन विरघळून ड्रिंक पाणचट करतात. एक मोठा तुकडा तेवढ्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो, कारण त्याचा कमी भाग ड्रिंकला टेकतो. आणि वितळलेलं पाणी ही भेसळ नव्हे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते सांगताना चारच गोष्टी मोजल्या होत्या: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क. पाणी तेव्हापासून कृतीतच आहे. प्रश्न फक्त प्रमाणाचा.

म्हणून ड्रिंक दोनदा चाखा, आल्याआल्या आणि दहा मिनिटांनी. थंडीने गोडी दबते. पहिल्या घोटाला बरोबर वाटलेलं ड्रिंक जरा कोमट झाल्यावर पाकासारखं लागत असेल, तर साखर आधीपासूनच जास्त होती. ओठाला लावण्याआधी वासही घ्या. संत्र्याची किंवा लिंबाची साल नुसती काठावर अडकवली आहे की पिळून तिचं तेल ड्रिंकवर उडवलं आहे, ते नाकालाच कळतं.

बारटेंडरशी बोला. "आंबट आवडतं, फार गोड नको" एवढं सांगून बघा. तो पुढचा प्रश्न विचारतो की सर्वांत महागाचं नाव सुचवतो, यावरून बारचा स्वभाव दिसतो. एक बिनदारूचं ड्रिंकही मागवा. न पिणारी माणसंही बारमध्ये जातात, आणि त्यांच्यासाठी रसात सोडा ओतून दिला आहे की तेवढीच मेहनत घेतली आहे, हे त्यांना वाचायला हवं असतं. मधेमधे पाणी प्या, आणि मत पहिल्या दोन ड्रिंक्सवरूनच बनवा. त्यापुढे जीभही विश्वासाची राहत नाही आणि आठवणही. गाडी चालवायची असेल त्याने फक्त बिनदारूचं चाखावं.

लिहायला बसल्यावर

दुसऱ्या दिवशी लिहा, त्याच रात्री नको. पहिल्या दोन ओळींत वार, वेळ, किती जण आणि काय मागवलं ते येऊ द्या. मग पदार्थ. सेवा, स्वच्छता, टॉयलेट, चढायला पायऱ्या आहेत का, अॅलर्जीबद्दल विचारल्यावर नीट उत्तर मिळालं का, हे एकेका वाक्यात उरकतं, पण गाळू नका. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला त्या पायऱ्यांचीच माहिती हवी असते. नमुना असा:

"शनिवारी रात्री साडेआठला तिघं गेलो. टेबल सांगून ठेवलं होतं, तरी वीस मिनिटं दाराशी थांबलो. टोमॅटो सूप दाट आणि भाजल्याच्या वासाचं, पण कोमट आलं; सांगितल्यावर कुरकुर न करता गरम करून आणलं. मासा वरून खमंग, आत रसदार. सोबतच्या भाज्या शिजून गाळ झालेल्या. नेग्रोनी एका मोठ्या बर्फावर, शेवटपर्यंत कडवटपणा टिकून. संगीत इतकं मोठं की समोरच्याशी वाकून बोलावं लागलं. निवांत गप्पांसाठी जाणार नाही, मासा आणि ड्रिंकसाठी चौघांना घेऊन पुन्हा जाईन."

इतकंच लागतं. शेवटचं वाक्य कुणी, कशासाठी जावं ते सांगतं, आणि ताऱ्यांपेक्षा मला तेच जास्त मोलाचं वाटतं. तारे द्यावे लागतातच, तर पाच आणि एक हे दोन्ही राखून ठेवा. जेवण चांगलं झालं तर चार पुरेत.

महागडी जागा म्हणजेच रिव्ह्यूलायक जागा, ही समजूतही सोडा. खाद्यसमीक्षक जोनाथन गोल्ड यांना २००७ साली समीक्षेसाठी पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार मिळाला. रेस्टॉरंटांवर लिहिणाऱ्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यांच्या लिखाणाचा मोठा भाग लॉस एंजेलिसमधल्या छोट्या, स्थलांतरितांनी चालवलेल्या खानावळींबद्दल होता.

वाईट अनुभव आला तर

आधी तिथेच सांगा. पदार्थ बिघडला तर बहुतेक ठिकाणी बदलून देतात. देतात की नाही, कशा चेहऱ्याने देतात, हासुद्धा रिव्ह्यूचा भाग आहे. लिहिताना घडलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. "चाळीस मिनिटांनी आलं आणि मधून थंड होतं" हे ठाम लिहा. "शिळं वाढतात", "लुबाडतात" हे आरोप आहेत. पुरावा हातात नसेल तर करू नका, कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकता. वाढणाऱ्याचं नाव कौतुकासाठी जरूर घ्या, तक्रारीत घेऊ नका. एका ओळीपायी कुणाची नोकरी जाऊ शकते.

पोट बिघडलं तर विशेष सांभाळा. आपण शेवटच्या जेवणाला दोषी धरतो, पण साल्मोनेला या जिवाणूची लक्षणं ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात, नोरोव्हायरस या विषाणूची साधारण १२ ते ४८ तासांनी. दोष परवाच्या घरच्या जेवणाचाही असू शकतो. संशय पक्का वाटत असेल, एकत्र जेवलेले आणखी कुणी आजारी पडले असतील, तर रिव्ह्यू लिहिण्याआधी आरोग्य किंवा अन्नसुरक्षा खात्याला कळवा.

काही फुकट मिळालं असेल, मालक ओळखीचा असेल, तर पहिल्याच ओळीत सांगा. पैसे घेऊन लिहिलेल्या खोट्या रिव्ह्यूंमुळे खऱ्यांवरचाही विश्वास उडतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेला, २०२४ साली खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री बंद करणारा नियम करावा लागला.

काही महिन्यांनी पुन्हा गेलात तर जुना रिव्ह्यू पुसू नका. नवी तारीख घालून त्याच्यावर दोन-तीन ओळी जोडा: काय सुधारलं, काय घसरलं, आचारी किंवा मेनू बदलला का. किंमत बदलली असेल तर तीही.