मन जड झाले की पिशवी भरते : खरेदीतल्या या चुका टाळा

आमच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेची मी अठरा वर्षे मानद खजिनदार होते. कर्जाच्या अर्जावर ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक जण ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहितात. जामीनदारांच्या सह्या तपासताना अर्जदाराशी दोन शब्द बोलणे व्हायचे आणि मग कळायचे की घरात कोणी आजारी नाही, मुलांची फी भरलेली आहे; अडचण आहे ती क्रेडिट कार्डाच्या बिलाची, आणि ते बिल कशाकशाचे झाले हे अर्जदाराला स्वतःलाही धड सांगता येत नाही. हे लोक उधळे नव्हते. डबा घरून आणणारी, रिक्षाऐवजी बस पकडणारी ही माणसे संध्याकाळच्या एखाद्या वाईट तासात दोन हजार रुपये घालवून बसत. त्याच त्या चुका इतकी वर्षे पाहून मला आता राहवत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

एक तारखेची शपथ

नव्याने बचतीला लागलेल्या माणसाची घाई ही मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट आहे. पगार झाला की तो सर्व खरेदीची ॲप काढून टाकतो, खर्चाचे वीस-बावीस रकाने आखतो आणि ‘या महिन्यात काहीही घेणार नाही’ असे घरात जाहीर करतो. पंधरा-सतरा तारखेपर्यंत हे टिकते. मग एक दिवस वरिष्ठांशी खटका उडतो, ॲप परत येते आणि पंधरा दिवसांची कसर एका रात्रीत भरून निघते. महिनाभर दाबून ठेवलेली इच्छा मोकळी झाली की ती दुपटीने खर्च करते, हे मी पाहिले आहे.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्याला मी पहिला महिना काहीही कमी करू देत नाही. फक्त एक शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक खरेदीपुढे चार गोष्टी लिहाव्यात : रक्कम, वस्तू, वेळ आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडले. खर्च नोंदवणारी ॲप मला पसंत नाहीत, कारण ती रक्कम आपोआप टिपतात आणि आधीचा तास कधीच विचारत नाहीत. आमच्या कार्यालयातील एका तरुण मुलीने मला तिची वही दाखवली होती. एका ओळीत असे होते : ‘मंगळवार, रात्री १०.४०, कुर्ता, ११९९ रुपये. साहेब सगळ्यांसमोर बोलले.’ त्याखालच्या दोन नोंदीही रात्री दहानंतरच्याच होत्या आणि दोन्हींपुढे कार्यालयातलाच काहीतरी प्रसंग होता. तिला कपड्यांचे वेड आहे असे तिचे घरचे म्हणत होते; वहीवरून दिसत होते की तिला रात्री झोप येत नाही. तिने त्यानंतर एकच बदल केला. रात्री साडेनऊला ती फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावू लागली आणि उशाशी जुने गजराचे घड्याळ ठेवू लागली. पुढच्या महिन्यात तिची कपड्यांची खरेदी दोन नोंदींवर आली.

महिनाभर नुसते लिहीत बसायचे हे पुष्कळांना वेळ घालवल्यासारखे वाटते. त्यांना लगेच आकडा खाली यायला हवा असतो. माझा अनुभव असा आहे की ज्यांनी हा महिना वगळला, ते सहा महिन्यांनी पुन्हा तोच अर्ज घेऊन पतसंस्थेत आले.

दुसऱ्यासाठी घेतलेले हिशेबात न धरणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले आणि परळच्या एका रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली. भेटीची वेळ संपली की मी रात्री परळहून मुलुंडची धीमी लोकल पकडत असे. त्या पाऊण तासात मला दुसरे काही सुचत नसे. आईच्या दुखण्यावर माझा काही इलाज चालत नव्हता, पण फोनवर तिच्यासाठी काहीतरी शोधत राहिले की आपण तिच्यासाठी काही करत आहोत असे वाटे. पुढून बटणे असलेले चार गाऊन घेतले. पाय शेकायची पिशवी घेतली, हवेची गादी घेतली, कमोडवर बसवायची उंच बैठक घेतली, आणि शेवटी बावीस हजार रुपयांची मागे रेलणारी गुबगुबीत खुर्ची घेतली. स्वतःसाठी मी त्या तीन महिन्यांत एक रुमालही विकत घेतला नव्हता, त्यामुळे आपला हात सैल सुटला आहे अशी शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नाही. कार्डावरची थकबाकी ८६ हजारांवर गेली.

आई घरी आली, तेव्हा खुर्चीचे खोके तसेच बांधलेले बाहेरच्या खोलीत उभे होते. दोन आठवड्यांनी ते उघडले आणि दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ती पाहून नकारार्थी मान हलवली. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल आणि मऊ बैठक नको, गुडघे खुब्याच्या खाली राहतील अशी उंच, कडक आणि हाताची खुर्ची हवी, असे त्यांनी समजावले. आमच्या जेवणाच्या टेबलाजवळची जुनी लाकडी खुर्ची त्यांनी पुढे ओढली, तिच्यावर गोधडीची घट्ट घडी ठेवली आणि आईला तिथे बसवले. आई शेवटपर्यंत त्याच खुर्चीवर बसली. त्या दिवसांत एकदा मी कुठलेसे पाकीट कात्रीने उघडत असताना ती म्हणाली, “अगं, जरा माझ्याजवळ बस ना. सारखी खोकी काय उघडतेस?”

मी तिच्याजवळ बसायला हवे होते. तो वेळ मी पार्सलांना दिला, याची खंत मला खर्चाहून मोठी वाटते.

जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुःखद चित्रफीत पाहिलेल्यांनी एका साध्या वस्तूसाठी इतरांपेक्षा जास्त पैसे मोजायची तयारी दाखवली होती. हे वाचले तेव्हा मला परळचा फलाट आठवला. आपल्या घरांत भावनेपोटी होणारी पुष्कळ खरेदी अशीच दुसऱ्याच्या नावाने होते. उशिरा घरी पोचणारी आई मुलासाठी खेळणे मागवते. गावी वर्षभरात जाणे झाले नाही म्हणून मुलगा वडिलांना महागडा फोन पाठवतो. त्यामागचे प्रेम खरे असते, म्हणून त्या खर्चाला हटकायला कोणी धजत नाही. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण अशा वेळी हमखास पुढे येते, पण कार्डाच्या बिलावर प्रत्येक हौसेचे मोल छापलेले असते.

मी तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. ज्याच्यासाठी घ्यायचे त्याला विचारल्याशिवाय मी काही घेत नाही. यात अचानक भेट देण्याची मजा जाते हे मान्य आहे. मात्र दहापैकी बहुतेक वेळा समोरचा माणूस ‘नको गं, त्यापेक्षा रविवारी ये’ असे म्हणतो.

किमान रक्कम भरून निश्चिंत होणे

८६ हजारांच्या त्या थकबाकीवर माझ्या कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के होते, म्हणजे ३०१० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ५४२ रुपये. बिलात दाखवलेली किमान रक्कम होती थकबाकीच्या ५ टक्के, म्हणजे ४३०० रुपये. ती भरल्यावर मूळ कर्जातून जेमतेम ७४८ रुपये कमी होत होते. शिवाय आधीचे बिल पूर्ण भरलेले नसले की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते आणि दुधाच्या पिशवीवरही त्या दिवसापासून व्याज चढते. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असे आपली माणसे म्हणत आली आहेत. इथे ते पोते दर महिन्याला आणखी रिते होत जाते.

याहून वाईट गोष्ट अशी की त्याच वेळी बँकेत माझी दीड लाखाची मुदत ठेव होती आणि तिच्यावर मला साधारण ७ टक्के व्याज मिळत होते. ठेवीला हात लावायचा नाही, या लहानपणापासूनच्या शिकवणीपायी मी एकीकडे ७ टक्के मिळवत होते आणि दुसरीकडे वर्षाला ४२ टक्के भरत होते. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे तीन महिने दिसले नाही, कारण ते बिल मी घरात कोणालाही दाखवले नव्हते. अखेर एका रात्री नवऱ्यासमोर कागद ठेवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बँकेत गेलो, ठेव मुदतीआधी मोडली, त्याबद्दल थोडे व्याज गमावले आणि कार्ड कोरे केले. कार्डाचे बिल थकले असेल आणि घरात ठेव असेल, तर ती मोडावी, असेच मी आज प्रत्येकाला सांगते. ठेव नसेल तर पतसंस्थेचे कर्ज काढावे, कारण ते कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि हप्ता पगारातून कापला जातो. पण कर्ज मिळाल्यावर कार्ड बंद करावे, नाहीतर दोन्ही बोजे डोक्यावर बसतात.

पैसे जाताना न कळणे

द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवली होती. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे ज्यांना सांगितले होते, त्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होती. आज यूपीआयने तर कार्ड बाहेर काढण्याचेही श्रम वाचवले आहेत. लोकलच्या महिला डब्यात कानातले विकणारीच्या ट्रेला कोड लटकलेला असतो, आणि पूर्वी सुटे नाहीत म्हणून टळणारी खरेदी आता टळत नाही.

यूपीआय सोडा असे मी म्हणत नाही. माझे पगाराचे खाते मी यूपीआयला जोडलेलेच नाही. दुसऱ्या बँकेत एक लहान खाते आहे. त्यात दर शनिवारी सकाळी दोन हजार रुपये टाकते आणि आठवडाभर फोनवरून तेवढेच जातात. गुरुवारी खाते रिकामे झाले, तर शुक्रवारी भाजी पाकिटातल्या रोख पैशांतून येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या संकेतस्थळांना आपला कार्ड क्रमांक जपून ठेवता येत नाही, फक्त त्याच्या बदल्यातले टोकन ठेवता येते. ते टोकनही मी प्रत्येक ठिकाणी काढून टाकले आहे. सोळा आकडे हाताने भरायला लागले की मध्ये विचाराला जागा मिळते.

सोने म्हणजे बचत, असे समजून मन रमवणे

पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला घेतलेला दागिना हौस म्हणून घ्यावा, अंगावर घालावा, त्याला माझी मुळीच हरकत नाही. त्याला बचत म्हणू नये. खरेदीत ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ जाते आणि मोड देताना यातले काहीही परत मिळत नाही. मन उदास असताना दादरच्या रानडे रोडवर शिरून बांगड्यांची जोडी घ्यायची आणि वर ‘पैसे कुठे गेले, सोनेच तर आहे’ असे म्हणायचे, हे मी पुष्कळ मैत्रिणींचे पाहिले आहे.

बोनसचेही तसेच होते. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने किमान बोनस ८.३३ टक्के ठरला होता, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग. तो आपल्याच कामाचा पैसा असतो, तरी वरकड मिळाल्यासारखा उडवला जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. ‘फुकट’ हप्त्यांना भुलू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, आणि प्रक्रिया शुल्क तर बहुतेक वेळा वेगळे लागतेच. घरपोच पाठवण्याचे चाळीस रुपये वाचवण्यासाठी तीनशेची जास्तीची वस्तू घेऊ नये. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘दहा मिनिटे उरली’ अशी खोटी घाई दाखवणे आणि न मागितलेली वस्तू बिलात घुसडणे यांना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे, आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तरीही निवडलेली वस्तू सकाळपर्यंत तशीच ठेवावी, हा माझा नियम मी मोडत नाही. वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या २४ तास आधी बँकेचा संदेश येतो, तो वाचून मगच पुसावा.

एखादे वेळी हात सुटलाच, तर पार्सल त्याच दिवशी उघडावे. ती बावीस हजारांची खुर्ची मला परत करता आली नाही, कारण खोके उघडले तेव्हा दहा दिवसांची मुदत उलटून गेली होती. शेवटी ती इमारतीतल्याच एका कुटुंबाला सहा हजारांना दिली आणि उरलेले सोळा हजार वहीत ‘तोटा’ म्हणून लिहिले. सकाळी जी वस्तू नकोशी वाटते, तिची रक्कम मी त्याच वेळी आवर्ती ठेवीच्या शेजारी उघडलेल्या वेगळ्या खात्यात टाकते, कारण न घेतलेल्या वस्तूचे पैसे चालू खात्यात पडून राहिले तर ते आठवडाभरात दुसरीकडे जातात. त्या खात्याचे पासबुक मी शंभर पानी वहीच्या मागच्या कव्हरात ठेवले आहे.