‘ज्यू लॉबी’चा फॉरवर्ड आला की काय तपासायचं

काकांचा फॉरवर्ड येतो: ‘अमेरिका ज्यूच चालवतात.’ इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी तो तपासून मोकळी होते.

आधी विचारा, लॉबी म्हणजे नेमकं कोण? एपॅक आणि जे स्ट्रीट या अमेरिकेतल्या दोन दबाव-संघटना, दोन्ही इस्रायलच्या बाजूच्याच म्हणवतात. पण २०१५च्या इराण अणुकराराला एपॅकचा विरोध, जे स्ट्रीटचा पाठिंबा. इस्रायलसाठी जोर लावणारे इव्हँजेलिकल ख्रिश्चनही असतात, ते फॉरवर्डात कधी दिसत नाहीत.

मग पैसा. अमेरिकेच्या निवडणूक आयोगाच्या साइटवर एपॅकची सुपर पॅक (निवडणुकीत हवा तेवढा प्रचारखर्च करू शकणारी समिती) ‘युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट’ शोधा. २०२४ला न्यूयॉर्कमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, इस्रायलवर टीका करणारे खासदार जमाल बोमन यांच्या जागेवर तिने दीड कोटी डॉलरच्या आसपास ओतले, बोमन हरले. खर्च ‘बाजूने’ की ‘विरोधात’, तो रकाना आधी बघा. पहिल्यांदा मी तो बघितलाच नव्हता, सगळा हिशेब उलटा वाचला! लॉबिंगचा, म्हणजे खासदारांकडे आपली बाजू रेटण्याचा, खर्च वेगळा. तो सिनेटच्या तिमाही नोंदींत मिळतो.

आणि हरलेल्या लढायाही शोधा. १९८१मध्ये सौदीला अवॅक्स ही टेहळणी विमानं विकायला एपॅकने कडाडून विरोध केला, तरी सिनेटमध्ये विक्रीच्या बाजूचे अध्यक्ष रेगन ५२-४८ने जिंकले.

एवढं सगळं काकांना पाठवलं की उत्तर येतं: गुड मॉर्निंगचा गुलाब.