कौलांतली गळती शोधण्यासाठी माडाचा हीर

कौलारू घरात पाणी माळ्यावर जिथे टपकते, त्याच्या बरोबर वर फट असतेच असे नाही, कारण आत शिरलेले पाणी वाशाच्या उतारावरून बरेच खाली वाहत येते. त्यामुळे भर पावसात केलेला शोध बहुधा चुकतो.

पाऊस सुरू होण्यापूर्वी, कडक उन्हाच्या दुपारी माळ्यावर जावे, खिडकी बंद करावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. कौलांच्या जोडांतून येणारा पुसट, तिरपा उजेड सोडून द्यावा. जिथे ठळक ठिपका किंवा रेघ दिसेल, तिथे झावळीचा लांब हीर, म्हणजे पात्याच्या मधली कडक काडी, आतून बाहेर सरकवावा. खराट्यातून ओढून काढलेला हीरही चालतो. कौले परतणाऱ्या माणसाला वरून हे हीर लगेच दिसतात आणि सगळे छप्पर उसवावे लागत नाही. कौल नुसते घसरले असेल, तर ते वर सरकवून त्याचा मागचा उंचवटा रिपेवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीवर, पुन्हा अडकवला की पुरते. तडकलेले कौल मात्र बदलावेच, सिमेंटचे लिंपण फार टिकत नाही.

वळचणीकडची तपासणी खालूनच, शिडीवरून करावी: वाशांची टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत आणि टोक सहज रुतले, तर तेवढा भाग कापून नवा जोड द्यावा. पन्हळीतला पाचोळाही तेव्हाच काढावा.

शेवाळलेल्या कौलांवर पाय ठेवू नये, आणि कोरड्या छपरावरही भार वाशाच्या रेषेवरच द्यावा.