दिव्यांग अनुदानाचा अर्ज: टक्केवारी ठरते तिथे लक्ष द्या

महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींना दरमहा मिळणारे अनुदान प्रामुख्याने संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिले जाते. अर्जदार राज्याचा किमान १५ वर्षे रहिवासी असावा, त्याचे वय ६५ वर्षांच्या आत असावे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत असावे आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये आहे. उत्पन्नाची २१ हजारांची मर्यादा सांगून कोणी परत पाठवू लागले, तर ती इतर निराधारांसाठी आहे, हे तिथेच शांतपणे पण ठामपणे सांगावे.

‘आधी तहसीलमध्ये अर्ज टाका, प्रमाणपत्राचे मागाहून बघू’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे. तहसील कार्यालय तुमचे दिव्यांगत्व ठरवत नाही. ते रुग्णालयात ठरते आणि तिथे लिहिला गेलेला आकडा पुढे सगळीकडे तुमच्याबरोबर फिरतो. म्हणून पहिली नोंदणी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) करावी. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरावी.

आता तपासणी. अर्ज अडतो तो इथेच, आणि तोही बहुधा कागद कमी पडल्याने नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य आहेत, त्यामुळे आजाराचे नाव यादीत सापडले की काम झाले, असा अनेकांचा समज होतो. वैद्यकीय मंडळ आजाराच्या नावाला टक्के देत नाही. त्या आजाराने शरीराचे किंवा मनाचे कोणते काम किती बंद पडले, हे ते मोजते. एकच निदान असलेल्या दोघांना वेगवेगळी टक्केवारी मिळते ती याच कारणाने, आणि प्रत्येक वेळी त्यामागे वशिला असतो असे नाही.

मोजमापाची पद्धत प्रकारानुसार बदलते. श्रवणदोषासाठी ऑडिओमेट्री, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांकाच्या जोडीने दैनंदिन वर्तनाची चाचणी, तर मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही मापनश्रेणी वापरतात. या श्रेणीत स्वतःची देखभाल, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि कामकाज या चार बाबींना गुण दिले जातात व आजाराचा कालावधीही धरला जातो. अशा तपासणीला रुग्णासोबत रोज घरात वावरणारी व्यक्तीच जावी, शहरातून आलेला हुशार भाचा नव्हे. ‘आंघोळ करतात का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. चार वेळा सांगावे लागते, पाणी काढून द्यावे लागते, कपडे हातात द्यावे लागतात, हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसे? आपली माणसे परक्यासमोर लाजेपोटी ‘सगळे करतो, काही अडत नाही’ असे म्हणतात आणि मग कमी टक्के मिळाले म्हणून वर्षभर बोल लावत राहतात.

याच्या उलट, ‘थोडे वाढवून सांगा’ हा सल्ला देणाऱ्याला घराबाहेरच ठेवावे. चाचणी पुन्हा घेतली की वाढवलेली तक्रार जुळत नाही, आणि एकदा शंका आली की खऱ्या त्रासाकडेही संशयाने पाहिले जाते.

दोन दिव्यांगत्वे असतील, तर नोंदणीच्या वेळीच दोन्ही लिहावीत आणि दोन्हींची तपासणी करून घ्यावी. बहुतेकजण मोठे तेवढे सांगतात आणि दुसरे किरकोळ म्हणून सोडून देतात. एकत्रित टक्केवारी ही साधी बेरीज नसते. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि येणारे उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. पायाचे ३० टक्के आणि कानाचे १८ टक्के असतील, तर १८ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे १२, आणि एकूण ४२. एकेकटे कोणतेच पात्र ठरले नसते. दोन्ही मिळून ठरतात. ही आकडेमोड घरीच करून जावी.

निर्णय चुकीचा वाटला तर दलाल गाठू नये. कायद्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. अर्ज नाकारला असेल, तर कारणे लेखी मागावीत. तोंडी नकारावर अपील उभे राहत नाही. कार्ड हाती येताच रंग पाहावा: ४० टक्क्यांखाली पांढरे, त्यापुढे पिवळे आणि ८० किंवा अधिक असल्यास निळे. पांढऱ्या कार्डावर हे अनुदान मिळत नाही.

त्यानंतर उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, आधार आणि बँक पासबुक जोडून तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज करावा आणि पोच घ्यावी. पोच न घेता परत येऊ नये.

मंजुरीनंतरही पैसे आले नाहीत, तर आधी बँक तपासावी. खात्याला आधार ‘जोडलेला’ असणे पुरेसे नाही. थेट हस्तांतरणासाठी ते खाते आधारशी संलग्न म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत असावे लागते. ही संलग्नता एका वेळी एकाच खात्याची असते, त्यामुळे मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडताना संमती दिली असेल, तर रक्कम तिकडे जमा होत असते आणि जुन्या पासबुकात कोरी पाने दिसतात. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक संलग्न आहे ते पाहता येते.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्यावरची मुदत संपण्याच्या काही महिने आधीच फेरतपासणीची नोंदणी करावी, कारण तपासणीची तारीख लगेच मिळेलच असे नाही.