पॉपअप बनवायचाय? मग डिव्ह सोडा, डायलॉग घ्या

अजूनही बऱ्याच साइटवर पॉपअप म्हणजे एक डिव्ह (एचटीएमएलमधला साधा डबा), त्याला भलामोठा झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसणार ते ठरवणारा आकडा), मागे काळपट पडदा, झालं काम. माउसवाल्याला काही फरक पडत नाही, पण जो कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतो त्याने टॅब दाबला की फोकस (कीबोर्ड आत्ता ज्या बटणावर किंवा लिंकवर आहे ती जागा) पडद्यामागच्या लिंकांवरच फिरत बसतो आणि पॉपअप उघडलाय याचा त्याला पत्ताच नसतो. हे सगळं जावास्क्रिप्टने निस्तरत बसायची गरज २०२२ पासून उरलेली नाही. त्या वर्षी मार्चमध्ये फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये डायलॉग (dialog) हा पॉपअपसाठीचा तयार एचटीएमएल टॅग आला, क्रोममध्ये तर तो २०१४ पासूनच होता.

समजा नाटकाच्या तिकिटांची साइट आहे. ‘माझी तिकिटं’ या यादीत प्रत्येक तिकिटापुढे ‘रद्द करा’ बटण, ते दाबलं की ‘तिकीट रद्द करायचं?’ असा डायलॉग, आणि त्यात ‘राहू दे’ आणि ‘हो, रद्द करा’ अशी दोन बटणं.

डायलॉग टॅग लिहा आणि उघडताना जावास्क्रिप्टमधली शोमोडल (showModal) हीच मेथड वापरा. नुसती शो वापरली किंवा ओपन ॲट्रिब्यूट हाताने चिकटवला तर डायलॉग दिसतो खरा पण मागचं पान चालूच राहतं, लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. शोमोडलने मागचं सगळं निष्क्रिय होतं, डायलॉग सगळ्यांच्या वर येतो (झेड-इंडेक्सची मारामारी संपली एकदाची), एस्केप दाबलं की बंद होतो, आणि फोकस ज्या बटणावरून आला त्यावर आपोआप परत जातो. टॅब दाबत राहिलात तर फोकस कधीतरी ब्राउझरच्या ॲड्रेस बारकडे जाईल, जाऊ दे, तो बग नाही, त्याला कोंडून ठेवायला वेगळा कोड लिहू नका.

सीएसएसमध्ये एक गंमत होते. डायलॉगला थेट डिस्प्ले फ्लेक्स दिलंत तर तो बंद असतानाही पानावर दिसत राहतो, कारण ब्राउझरने लावलेलं डिस्प्ले नन तुम्हीच पुसलेलं असतं. फ्लेक्स द्यायचाच तर ओपन असलेल्या डायलॉगलाच द्या.

आता ब्राउझर जे करत नाही ते. डायलॉगला नाव द्या, म्हणजे आतल्या हेडिंगला आयडी देऊन तो डायलॉगच्या एरिया-लेबल्डबाय (aria-labelledby) ॲट्रिब्यूटमध्ये टाका, नाहीतर स्क्रीन रीडर नुसतं ‘डायलॉग’ म्हणून गप्प. बंद करायच्या बटणावर नुसती फुली असेल तर ती गुणाकाराचं चिन्ह म्हणून वाचली जाऊ शकते, तिथे एरिया-लेबल (aria-label) ‘बंद करा’ असं द्या. आणि मजकूर मराठी असेल तर पानाची भाषा पण मराठीच लावा, टेम्प्लेटमधून आलेलं इंग्रजी तसंच राहिलं तर वाचणारा आवाज चुकीच्या भाषेचा लागतो.

पहिला फोकस कुठे जाणार हे मात्र नीट विचार करून ठरवा. काही सांगितलं नाही तर तो आतल्या पहिल्या बटणावर किंवा लिंकवर जातो. आपल्या उदाहरणात ऑटोफोकस (उघडताच फोकस इथे आणा असं सांगणारा ॲट्रिब्यूट) ‘राहू दे’ला द्यायचा, कारण कुणी घाईत एंटर मारला तरी तिकीट वाचलं पाहिजे. अटी-नियमांसारखा लांबलचक मजकूर असेल तर वेगळं, तिथे फोकस तळाच्या ‘मान्य आहे’वर गेला की पान खाली सरकतं आणि वाचणारा थेट शेवटाला पोचतो, म्हणून हेडिंगला टॅबइंडेक्स उणे एक (म्हणजे त्यावर फोकस नेता येतो) आणि ऑटोफोकस द्या.

आणि ‘हो, रद्द करा’ दाबल्यावर? तिकीट यादीतून गेलं, त्याच्याबरोबर ज्यावर फोकस परत यायचा ते बटणच गेलं! मग फोकस हरवतो आणि माणूस पानाच्या सुरुवातीला फेकला जातो. अशा वेळी यादीच्या हेडिंगवर फोकस तुम्ही स्वतः न्या. रद्द करताना एरर आली तर ती डायलॉगच्या आतच दाखवा, पानावरचा टोस्ट (कोपऱ्यात थोडा वेळ दिसणारी सूचना) मागे निष्क्रिय झालेला असतो, तो ना दिसणार धड ना वाचला जाणार.

बाहेर क्लिक केलं की बंद, हे फॉर्म असलेल्या डायलॉगला लावू नकाच, अर्धा भरलेला फॉर्म उडाला की माणूस वैतागतो. आणि न्यूजलेटरसाठी पान उघडल्या उघडल्या आदळणारा पॉपअप कितीही ॲक्सेसिबल (सगळ्यांना वापरता येईल असा) केला तरी तो कटकटच, त्याऐवजी पानातच एक छोटी पट्टी द्या.

शेवटी माउस बाजूला ठेवून सगळं करून बघा. स्क्रीन रीडर लावूनही बघा, विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतोच. मग ब्राउझर ४०० टक्के झूम करा, बटणं स्क्रीनबाहेर गेली आणि स्क्रोल होत नसेल तर डायलॉगला कमाल उंची आणि ओव्हरफ्लो ऑटो लावा.