फाइल उघडली आणि रिकामी झाली

पायथन शिकायला लागून दीड महिना झाला होता. लूप, लिस्ट, फंक्शन जमत होतं, म्हणून अभ्यासाची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तारीख, विषय, किती तास, एवढंच. नोंदी एका टेक्स्ट फाइलमध्ये साठत होत्या. एक दिवस कोडमध्ये फेरफार करताना फाइल कशासाठी उघडायची ते सांगणाऱ्या मोडमध्ये 'ए'च्या जागी 'डब्ल्यू' टाइप झालं. प्रोग्राम चालवला, तर लिहिण्याच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच भलत्याच चुकीने तो बंद पडला. म्हटलं, लिहिलंच काही नाही, तर जाणार काय? फाइल पाहिली. शून्य बाइट.

'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल उघडताक्षणीच रिकामी होते. पुढे 'राइट' केलंत की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुन्याला धक्का न लावता शेवटी भर घालायची तर 'ए', नुसतं वाचायचं तर 'आर'. आणि पायथन ३.३ पासून असलेला 'एक्स' मोड आवर्जून वापरा. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो सरळ एरर देतो, जुन्या मजकुराला हात लावत नाही.

फाइल उघडणारं 'ओपन' नेहमी 'विथ'सोबत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जातोच असं नाही, तो आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, थांबतो. 'क्लोज' करायचं राहिलं आणि प्रोग्राम मध्येच मारला गेला, तर शेवटच्या ओळी हरवू शकतात. 'विथ'चा ब्लॉक संपला, किंवा मध्येच एरर आली, तरी फाइल नीट बंद होते.

मराठीत लिहिणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतं ते एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची याची पद्धत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात काना-वेलांटी धरून चिन्हं ५, म्हणजे १५ बाइट. विंडोजवर एन्कोडिंग सांगितलं नाही, तर ३.१४ पर्यंतचं पायथन सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरतं, बऱ्याचदा सीपी-१२५२. मग 'मराठी' वाचताना एरर येत नाही, पण स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटतात. 'प्रकाश' वाचायला गेलं की मात्र युनिकोडडीकोडएरर! एक शब्द वाचला जातो, दुसरा अडतो, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. कारण जोडाक्षरातल्या हलंतात होतं. त्याचा शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये ८डीला अक्षरच नेमलेलं नाही. उपाय एका ओळीचा आहे: 'ओपन'मध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८' असं स्वतः लिहायचं, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे.

बाकीच्या अडचणी पटकन सुटतात. 'रीड' दुसऱ्यांदा केलं की रिकामी स्ट्रिंग मिळते, कारण वाचायची जागा फाइलच्या शेवटी पोचलेली असते. 'सीक' करून शून्यावर आणा. ओळीच्या शेवटी नवओळीचं चिन्ह चिकटून येतं, तुलना करण्याआधी 'स्ट्रिप' करा. आणि फाइल समोर दिसत असूनही फाइलनॉटफाउंडएरर आली, तर प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते 'ओएस' मॉड्यूलच्या 'गेटसीडब्ल्यूडी'ने छापून पाहा. बहुतेक वेळा तो वेगळ्याच फोल्डरमध्ये शोधत असतो.

माझ्या नोंदी परत मिळाल्या नाहीत. तो प्रोग्राम मी आजही वापरतो, पण आता उघडण्याआधी तो फाइलची एक प्रत काढून ठेवतो.