पहिल्या हिमालयीन चढाईची तयारी: खान्देशातील शेतकरी तरुणांसाठी

कोरडवाहू कापूस लावणारा जाणता शेतकरी केवळ मृग लागला म्हणून बियाणे मातीत घालत नाही. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याची खात्री पटली, की मगच तो लागवडीला हात घालतो. कारण पहिल्या सरीवर घाई केली आणि पुढे पावसाचा खंड पडला, तर दुबार पेरणी ठरलेलीच. हिमालयात प्रथमच जाऊ इच्छिणाऱ्या खान्देशातील तरुणांनी हा संयम शेतातून उचलून जसाच्या तसा डोंगरावर न्यावा, असे मला मनापासून वाटते.

तयारी किमान तीन ते चार महिने आधी सुरू करावी. उन्हाळ्यात नांगरट केल्यावर जमीन तापते आणि किडींचे कोष उघडे पडून मरतात. ते काम जूनच्या पावसात उरकता येत नाही, तशीच पायांची आणि श्वासाची ताकद निघण्याच्या आठवड्यात येत नाही. सुरुवातीला रोज तासभर भरभर चालावे, बोलताना धाप लागणार नाही इतकाच वेग ठेवावा आणि पाठीवरचे वजन आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे. आपल्याकडच्या उन्हात हा सराव सूर्योदयापूर्वीच आटोपलेला बरा. सुटीच्या दिवशी धुळ्याजवळचा लळिंग, पाटणादेवी परिसरातील कन्हेरगड आणि अंग सरावल्यावर सातपुड्यातील अस्तंभा, असा क्रम लावावा. चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव हवा, कारण गुडघे उतारावरच जास्त दुखावतात.

साहित्याची पारख घरीच करावी. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, काही दिवसांनी उलगडून कोंब मोजतो आणि ते सत्तरपेक्षा कमी भरले, तर बियाण्याचे प्रमाण वाढवतो. नवे बूटही असेच पारखावेत: जाड मोजे घालून, भरलेली पिशवी पाठीवर घेऊन ते निरनिराळ्या वाटांवर चालून पाहावेत. उतारावर अंगठा पुढे आदळत असेल किंवा टाच लाल होत असेल, तर ते बूट कितीही महाग असले तरी बदलावेत.

खरा कस मात्र उंचीवर लागतो. अस्तंभा सुमारे 1325 मीटर उंच आहे, तर उत्तराखंडातील केदारकंठा सुमारे 3800 मीटर. तिथे हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून 3000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. शेतात कष्ट करून कमावलेले दणकट शरीरही यातून सुटत नाही. उलट अंगात जोर असलेला माणूसच येथे घाई करतो आणि आजारी पडतो. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसताच सोबत्यांना सांगावे आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. त्रास वाढू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी सोबतीने ताबडतोब खाली उतरावे.

शिखराच्या दिवशी परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवावी आणि ती गटातील प्रत्येकाला माहीत असावी. ती वेळ झाली, की शिखर समोर दिसत असले तरी मागे वळावे.

मोहिमेसाठी महिना निवडताना शेताचेही वेळापत्रक पाहावे. कपाशीची वेचणी चालू असताना किंवा हरभरा काढणीला आला असताना निघालेल्याचे मन घरीच राहते. त्यापेक्षा रब्बी घरात आल्यावरचा एप्रिल बरा. भुसावळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीचे परतीचे आरक्षण करताना दोन दिवस राखीव धरावेत, म्हणजे बर्फ पडला किंवा कोणाला बरे नसले, तर गाडी चुकेल या धास्तीने चढाई रेटावी लागणार नाही.